पोटात आहे तोवर

डॉक्टरीणबाई बराच वेळ सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत होत्या. पूर्णिमाच्या पोटावरची जेली पार गार पडली होती.

"हृदयातून दोन मोठ्या रक्तवाहिन्या निघतात," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमच्या बाळात त्यांची अदलाबदल झालीय. पोटात आहे तोवर काळजी नाही, तुमचं रक्त त्याला पुरतं. जन्मल्यावर मात्र लगेच ऑपरेशन लागेल. वेळेत झालं तर मूल चांगलं जगतं. बाळंतपण पुण्यातच करा. मिस्टरांना आत पाठवा."

बाहेर, गर्भलिंग सांगितलं जात नसल्याच्या पाटीखालीच, सासू आणि नवरा बसले होते. कायद्यानं डॉक्टरांच्या तोंडाला कुलूप लावलं, तशी माणसं चेहरे वाचायला शिकली होती. आक्कांनी सुनेचे डोळे पाहिले आणि निकाल देऊन टाकला.

"पोरगीच हाय. ऊठ सयाजी, शिरोळची यष्टी चुकंल."

पूर्णिमानं घाईघाईनं रक्तवाहिन्यांचं सांगितलं, ऑपरेशनचं सांगितलं, पुण्याचं सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी त्याला आत बोलावल्याचं सांगितलं. सयाजी खाली मान घालून ऐकत होता.

"पोरीसाठी पुण्याला?" आक्कांचा आवाज सगळ्या बाकांवर गेला. "एक हाय की घरात!"

सयाजी उठला आणि जिन्याकडे निघाला.  एवढ्या माणसांत आपलं असं कुणीच नाही, हे पूर्णिमाला त्या घडीला कळलं.

"पोरगा हाय," ती म्हणाली.

आक्का जागीच थांबल्या. "डॉक्टरीण बोलली?"

"न्हाई. कायदा हाय, त्यास्नी इचारू बी नका. म्या पडद्यावर बघितलं."

तिनं पाहिलं होतं ते फक्त लुकलुकणारं एवढंसं हृदय.

सयाजी जिन्यावरून माघारी फिरला, दारात चपला काढून डॉक्टरीणबाईंकडे आत गेला.

"आगं, मग आधी सांगू न्हाई व्हय!" आक्कांनी तिला धरून बाकावर बसवलं. "पुण्यात माझ्या भावाची, हंबीररावाची लेक हाय, तिच्याकडंच उतरू. माझ्या वाघाला काय हुईत न्हाई." त्या तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

आत बाळानं लाथ मारली. पूर्णिमानं पदर ओढून पोट झाकून घेतलं.

"पोरगी असलीस तरी ये," ती म्हणाली, ओठ न हलवता.