औसेप सरांची चिठ्ठी

लीलाम्मा टीचरांनी यादीतल्या सोळाव्या नावापुढे खूण केली, तेव्हा दाराशी केकचं ताट धरून उभ्या असलेल्या पेन्नम्मानं ताट आणखी घट्ट धरलं. आता एकच नाव उरलं होतं. औसेप सर.

परीक्षा संपल्या होत्या. दुपारच्या बोटीनं सगळे नाताळसाठी घरी जाणार होते, आणि त्याआधी टीचर्स रूममध्ये ‘ख्रिसमस फ्रेंड’चं गुपित फुटत होतं. एक डिसेंबरला डब्यातून चिठ्ठी उचलायची, ज्याचं नाव येईल त्याला सुट्टी लागेपर्यंत लपूनछपून काहीबाही द्यायचं आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर कबुली द्यायची. स्वतःचंच नाव आलं तर सांगायचं आणि डबा पुन्हा फिरवायचा. बावीस वर्षं पेन्नम्मा, सगळ्यांची ‘चेची’, म्हणजे थोरली ताई, हा खेळ केर काढता काढता बघत आली होती. खेळ शिक्षकांचा, शाळेतल्या आयाचं त्यात काय काम?

पण यंदा तिच्या केरसुणीपाशीच घडी घातलेली एक चिठ्ठी दिसली. उघडली तर आत ‘औसेप’. आपण वर्ग झाडायला गेलो होतो, म्हणून आपल्या वाटणीची इथं ठेवली असणार, असं तिनं धरलं. त्या दिवशी ती इतकी हुरळली की चौथीचा वर्ग तिनं दोनदा झाडला.

वाट्याला आले तेही गणिताचे औसेप सर! बायको गेल्यापासून हा माणूस फक्त फळ्याशी बोलतो, असं बिंदू टीचर म्हणायची. पेन्नम्माकडे तरी द्यायला काय होतं? कधी केळीच्या पानात उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, आणि वर मिरचीची चटणी. कधी छत्रीची मोडलेली काडी दोऱ्यानं बांधून ठेवायची. एकदा सरांचा डस्टर फाटला होता, तो शिवला. दुसऱ्या आठवड्यापासून सर घंटेच्या अर्धा तास आधी यायला लागले. एके दिवशी तर त्यांनी रिकाम्या पानावर कागद ठेवला, ‘चटणीत मीठ कमी.’ तो कागद अख्ख्या टीचर्स रूमनं वाचला आणि पोट धरून हसून घेतलं. पेन्नम्मा घरी जाऊन हसली.

आज सकाळी चहा देताना तिला लीलाम्मा टीचरांच्या टेबलावरची यादी दिसली. सतरा नावं. तिनं वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. तिचं नाव कुठंच नव्हतं. म्हणजे ती चिठ्ठी कुणाची तरी पडली होती आणि आपण ती लाटली होती. बावीस वर्षं शाळेच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या, इकडची सुई तिकडे झाली नव्हती. आणि आता सगळ्यांदेखत चोर ठरायची पाळी आली होती.

“औसेप सर, तुम्हाला कुणाचं नाव आलं होतं?” लीलाम्मा टीचरांनी विचारलं. शाळेच्या मुख्याध्यापिका त्या, त्यांना उत्तर लागायचंच.

सर खिडकीबाहेर बघत राहिले.

“बरं, मग सरांना कोण देत होतं, ते तरी सांगा.”

सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले.

“मग तीन आठवडे कप्पा काय भुतानं उकडला?” बिंदू टीचर म्हणाली, आणि हशा पिकला.

गप्प बसता आलं असतं. पेन्नम्मानं ताट टेबलावर ठेवलं.

“मी उकडला,” ती म्हणाली. “चिठ्ठी माझ्या केरसुणीपाशी मिळाली. मला वाटलं, या वर्षी मलाही घेतलंय. मी चोरली नाही हो, टीचर. कुणाची हरवली असेल तर माझं चुकलं.”

हसणं थांबलं. बिंदू टीचरनं मान खाली घातली.

“कुणाची हरवली होती?” लीलाम्मा टीचरांनी विचारलं. मग खुर्ची सरकली आणि औसेप सर उभे राहिले.

“हरवली नव्हती. फेकली होती, मी. माझंच नाव मला आलं होतं.”

“आणि सांगितलं नाहीत? गणिताचे सर आणि असली लबाडी!”

“नाही सांगितलं. म्हटलं, यंदा कुणाला द्यायला नको आणि कुणाकडून घ्यायलाही नको.” सर पेन्नम्माकडे वळले. “तीन आठवडे शोधतोय, की मला जेवू घालतंय कोण!”

पेन्नम्माच्या छातीवरची धोंड उतरली. तिनं कुणाचं काही घेतलं नव्हतं. तिला रडू आलं आणि रडता रडता हसूही आलं. लीलाम्मा टीचरांनी पेन उघडलं आणि यादीच्या शेवटी अठरावं नाव लिहिलं.

औसेप सरांनी ताटातला केकचा तुकडा उचलला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

“मी स्वतःलाच केरात टाकलं होतं, चेची,” ते म्हणाले. “तुम्ही उचललंत.”