एक जूनचा फळा

माणिकराव गुरुजींनी ‘क्रीडा’ लिहिलं, पुढं दोन टिंबं दिली आणि तिथंच अडकले. खडू बोटात नुसता फिरत राहिला.

मेडशीच्या एसटी थांब्यामागं वाचनालयाची भिंत आहे, त्या भिंतीवर हा काळा फळा. निवृत्त झाल्यापासून गुरुजी रोज सकाळी त्यावर दिनविशेष लिहितात. एक घटना, एक जयंती, एक खेळातला पराक्रम. तारखेच्या बाबतीत तर एवढे कडक, की पाहुण्याच्या भाषणातली चूकसुद्धा मधेच उठून दुरुस्त करतील. आज वरच्या दोन ओळी झकास उतरल्या होत्या. १९४८ : राज्यातली पहिली एसटी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली. १९२९ : अभिनेत्री नर्गिस यांचा जन्म. ‘क्रीडा’पुढं मात्र हात चालेना.

“गुरुजी, पेढे आना!” पानठेल्यावरून धनराज ओरडला. “आज अर्ध्या गावाचा हॅपी बर्थडे! माहा, माह्या भावाचा, बायकोचाबी. सारे तुमीच जन्माले घातले!”

ठेल्यावरचे सगळे खदखदून हसले. खोटं काय होतं त्यात? त्या काळी पोरगं शाळेत घालायला आणलं, की गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. जूनमध्ये सहा वर्षं भरलेली दिसली पाहिजेत, शाळेचा पट भरला पाहिजे. जन्मतारखा कोण शोधत बसतो! दरवर्षी या थट्टेवर गुरुजी स्वतःच सगळ्यात जोरात हसायचे. आज त्यांनी वळूनही पाहिलं नाही. फळ्याशेजारच्या ओट्यावर गोजराबाई बसली होती, पायाशी दोन पिशव्या आणि एक वळकटी.

म्हातारी घर बंद करून पुण्याला निघाली होती, पवनकडं, पोराकडं, कायमची. वाशिमहून पुण्याच्या गाडीत बसवून द्यायला लेक आली होती. ही लेक म्हणजे साधना.

“माय, आज माहा वाढदिवस,” साधना कडवट हसली. “कागदावरचा. तुले तारीख सांगता आली असती, त अकोल्याचं मेडल आज घरात असतं.”

“मी सांगतलं होतं वं.”

“हो! सांगतलं होतं म्हने.”

“संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीले झाली तू. गुरुजीले मी सोता सांगतलं.”

“अठ्ठावीस वर्षं झाले, हेच आयकून राह्यली मी.” साधनानं तोंड रस्त्याकडं फिरवलं.

गुरुजींच्या बोटात खडू मोडला. सांगितलं होतं हो! गोजराबाईनं साल, दिवस, सगळं अगदी बरोबर सांगितलं होतं. पण पोरीला सहा वर्षं भरायला सात महिने कमी पडत होते, म्हणून गुरुजींनी एक जून १९८३ ठोकून दिली. पुढं तीच पोरगी अकोल्याला, चौदा वर्षांखालच्या आठशे मीटरमध्ये, अनवाणी धावून जिल्ह्यात पहिली आली. कोणीतरी हरकत घेतली. दाखला पाहिला, पोरगी वयात बसेना, गळ्यातलं मेडल काढून घेतलं. शिक्षण खात्याच्या साहेबांनी विचारलं तेव्हा गुरुजी म्हणाले होते, “आई अडाणी आहे हिची. तिला तारीख सांगता आली नाही.” नोकरीची भीती वाटली, दुसरं काय! बाजूला उभ्या साधनानं ते ऐकलं होतं.

“वाशीम गाडी आली!” धनराज ओरडला.

ही बस सुटली की म्हातारी गेली. ऐंशीच्या घरात आपण, तीही तशीच. पुण्याहून काय ती परत येते आणि काय आपली गाठ पडते! ते फळ्याकडं वळले आणि उरलेला तुकडा दाबून भराभर लिहायला लागले. ओळ खाली घसरत गेली. गुरुजींची ओळ घसरलेली मेडशीत कोणी पाहिली नव्हती.

पिशव्या उचलता उचलता साधना थबकली.

“काय लिवलं वं?” गोजराबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

साधनानं वाचलं, एकेक शब्द सोडवत. “क्रीडा : १९८३ साली या दिवशी धावपटू साधना हिचा जन्म झाला नाही. तिचा जन्म १५ जानेवारी १९८४ चा. आईने तारीख बरोबर सांगितली होती. मी खोटी लिहिली. माणिकराव.”

कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवली.

“चुकलं बाई माहं,” गुरुजी म्हणाले. शाळेतलं शुद्ध बोलणं त्यांना त्या क्षणी सुचलंच नाही.

“गुरुजी, मी मायसंग धड बोलली नाई,” साधना म्हणाली. “माह्या लग्नात तिनं हळद लावाले हात पुढं केला, त मी तोंड फिरोलं...” तिच्या हातातल्या पिशव्या पुन्हा खाली आल्या.

गोजराबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवत फळ्यापाशी गेली आणि त्या पांढऱ्या अक्षरांकडं बराच वेळ बघत राहिली.

“हे रोज पुसता ना तुमी?”

“हो. उद्या दोन जून.”

“मावशी, चाला ना!” कंडक्टर खेकसला.

म्हातारीनं फळ्याच्या खिळ्याला टांगलेलं पुसायचं फडकं काढलं, झटकलं, नीट घडी केली आणि आपल्या पिशवीत कोंबलं. मग लेकीनं पुढं केलेला हात धरून ती बसमध्ये चढली.