उंबऱ्यावर शून्य

मैदानाची धावपट्टी तिनेच आखली होती. मोजणीदार म्हणून बावीस वर्षं काढलेल्या तिच्या लेखी ती तळहातासारखी सपाट होती. तरी धावण्याचं नवं घड्याळ रोज तेच दाखवायचं: अंतर चार किलोमीटर, चढ शून्य, उतार चाळीस मीटर.

"ताई, ते हवेच्या दाबावरून उंची सांगतं. त्याच्या हवेच्या भोकात घाम गेला असेल," धाकटा भाऊ हसला.

तिने घड्याळ धुतलं. फरक पडला नाही. मग मोजणीदाराच्या सवयीने ती रोज निघताना उंबऱ्यावर उंची शून्य करू लागली आणि विषय सोडून दिला. हल्ली मात्र तिचं बोलणं भावाला एकदा ऐकूच जायचं नाही, तिला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागायची.

अकराव्या सकाळी धावून परतल्यावर, बंद दारापुढे उभं राहून तिने सगळे दिवस पहिल्यांदाच जोडून पाहिले. उतार चारशे चाळीस मीटर. चढ कुठेच नव्हता.

तिने दारावर थाप मारली. "अरे, दार उघड!"

घर एकमजली होतं. तरी भावाचा आवाज आला तो खूप वरून, विहिरीत वाकून कोणी हाक मारावी तसा.

"ताई? अगं, आहेस कुठे तू?"