सांभाळायला माणूस

"तुमची पलटण कोणती, हवालदार?" चांदसाहेबानं पुन्हा विचारलं.

मानसिंगानं आढ्याकडं बघितलं. "बैलं सोडली का?" तो म्हणाला.

चांदसाहेब साताऱ्याहून जीपनं आला होता. फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेला, आता जुन्या फौजींना मदत करणाऱ्या बोर्डात कामाला. ज्या फौजी माणसाला आपलं-परकं कळेनासं झालंय, त्याला सांभाळायला माणूस लावायचं आणि त्या माणसाचा पगार बोर्डानं द्यायचा, अशी सोय निघाली होती. गरज खरी आहे का, ते डोळ्यांनी बघायला तो औंधजवळच्या या वाडीत आला होता.

गरज खरीच होती. गेल्या महिन्यात चूल पेटती राहिली आणि सोप्याची एक बाजू जळाली. त्याआधी पाटाच्या कडेनं भरकटत जाणं झालं, तेव्हा अख्खी वाडी उसातनं हाका मारत हिंडली. मानसिंगाचा लेक गुंडा कुपवाडला कारखान्यात होता. त्यानं साफ सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत माणूस मिळालं नाही तर वेड्यांच्या इस्पितळात ठेवून येणार. लेक वाईट नव्हता. पण लांबचा लेक म्हणजे लग्नातला वाजंत्री. तो वाजवून जातो, खरकटं घरच्यांनी काढायचं.

मानसिंगाची बायको राहीबाई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. साऱ्या वाडीत तिच्याएवढं तिखट तोंड कुणाचं नव्हतं. घरातला कारभार तिनं कुणाच्या हातात कधी दिला नाही, सुनेच्या तर नाहीच.

"आजी, यांना असं कधीपासून होतंय?"

"लगीन झाल्यापास्नं."

चांदसाहेब हसला. शेजारची बनुबाई भिंतीला टेकून उभी होती, तीही हसली. मानसिंग हसला नाही.

"आपल्या हातानं जेवतात का?"

"बापय मानूस आपल्या हातानं काय करतंय? तुमी करता?"

"बरं. लेकरं किती तुम्हाला?"

"लेकरं मोजू न्हाईत, सायेब. दिष्ट लागती."

चांदसाहेबानं मान डोलावली. त्याच्या आईनंही कधी लेकरं मोजू दिली नव्हती.

"माझ्या गुडघ्यालाबी एक बाई लावा की तुमच्या बोर्डाकडनं," राहीबाई म्हणाली.

"ते फक्त फौजी माणसाला, आजी. घरच्यांसाठी नाही. माझ्या हातात असतं तर लावली असती."

"व्हय. बायका काय, मोडल्या तरी चालत्यात."



राहीबाई उठून आत गेली आणि चहा घेऊन आली.

"आत्ताच झाला की, आजी."

"आमच्यात पावन्याला एका कपावर लावत न्हाईत."

चांदसाहेबानं दुसरा कपही संपवला. असली म्हातारी घरात आहे म्हणून हा माणूस अजून जिवंत आहे, असं त्याला वाटलं. शिकल्या-सवरलेल्या बायकांनी हात टेकले असते.

"आता एवढंच राहिलं. यांचं नाव तुमच्या तोंडून ऐकायचं. ओळख बायकोनं सांगायची, असं आहे आमच्याकडं."

"धन्याचं नाव घिऊन त्येचं आयुष्य कमी करू व्हय? चावडीवर इचारा."

"मग उखाण्यात घ्या. तसं तर चालतं."

राहीबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं बनुबाईकडं बघितलं, मग दाराबाहेर.

एवढ्यात मानसिंग ताडकन उठला. त्यानं कपबशी भुईवर आपटली. तिचे तुकडे चांदसाहेबाच्या बुटापर्यंत गेले.

"सावधान," तो ओरडला. "दुश्मन पाटावर आलाय."

आणि सलाम ठोकून उभा राहिला.

चांदसाहेबाचा चेहरा उतरला. त्यानं रणांगण बघितलेलं होतं. त्यानं उठून मानसिंगाचा हात हळूच खाली घेतला. "बसा, हवालदार. दुश्मन गेला. बसा तुम्ही."

मग तो बनुबाईकडं वळला. "बाई, तुम्हीच येणार ना सांभाळायला? सोमवारपासून या. मी साताऱ्यात सांगतो, आता कुणी अडवणार नाही." जाता जाता त्यानं राहीबाईला हात जोडले. "आजी, तुमच्यापुढं आम्ही फौजी कमी पडलो."

"सांभाळायला लागतंच की," राहीबाई म्हणाली. "आपलं मानूस टाकून देता येतंय व्हय?"

जीप गेली. धुरळा बसला. बनुबाई तुकडे गोळा करायला वाकली.

"ऱ्हाऊ दे बने, हाताला लागंल," मानसिंग म्हणाला. त्यानं स्वतः एकेक तुकडा वेचून ओंजळीत घेतला. "सोमवारी लवकर ये. चुलीपाशी आन् पाटाकडं तेवढी नजर ठेव."

"येते आबा. पन आता वाडी तुमास्नी येडा म्हनंल."

"म्हनू दे."

राहीबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि त्याच्याकडं पाठ केली. "आवं पावनं, सायेब गेलं की. तुमी का थांबलाय? घरात बापय मानूस न्हाई. आमचं मालक पलटनीत असत्यात."

मानसिंगानं ओंजळ रिकामी केली. चपला घातल्या, अंगण ओलांडून बांधापर्यंत गेला, आणि तिथनं ताठ चालत परत येऊन दारात उभा राहिला.

"रजा मिळाली गं," तो म्हणाला.