चौथा मजला

दार उघडलं तर बाहेर एक माणूस खोकं घेऊन उभा होता. खोकं जड असावं. त्याने ते गुडघ्यावर टेकवून धरलं होतं.

"निरंजनसाहेब आहेत का? मी जहीर. काळेवाडीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे माझं. त्यांचा फोन लागत नाही, म्हटलं घरीच देऊन यावं."

"निरंजन गेला," वासंती म्हणाली.

"बरं. कधीपर्यंत येतील?"

"तसा नाही हो. गेला."

मग पुढचं तिने सांगून टाकलं. चाकणला कंपनीतच झालं, शिफ्ट सुटायच्या वेळी. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. ती त्याची धाकटी बहीण, साताऱ्याहून आलेली. त्याचं दुसरं कुणी नाही, तेव्हा फ्लॅट तीच आवरतेय. हे इतक्या जणांना सांगून झालं होतं की आता पत्ता सांगावा तसं तोंडातून बाहेर पडायचं.

जहीरने खोकं खाली ठेवलं. ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला. "मी मुलीकडे बार्शीला होतो," तो म्हणाला. "कालच आलो."

तिने त्याला आत बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन त्याने तिच्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे त्या ताई तुम्हीच. साहेब म्हणाले होते, गणपतीला बहीण येणार आहे, त्याच्या आत चालू करून द्या. पार्ट मिळेना, म्हणून राहिलं."

त्याने खोकं उघडलं. टीव्हीला जोडायचा तो जुना काळा कम्प्युटर, रबरी बटणांचा. सोबत टेपरेकॉर्डर आणि खेळाची एक कॅसेट. कोपऱ्यावर उदबत्तीने पडलेला चट्टा तसाच होता. मामाने मस्कतहून आणला तेव्हा आईने त्याची पूजा केली होती, आणि उदबत्ती नेमकी त्याच्यावरच कलंडली होती.

वासंतीने चट्ट्यावरून बोट फिरवलं आणि थांबून पाहिलं. आत काही हललं नाही. निरूचे शर्ट वॉचमनला देताना हललं नव्हतं, फ्रिजमधली त्याची अर्धी खाल्लेली श्रीखंडाची वाटी धुतानाही नाही. रडून मोकळी हो, असं सगळे सांगत होते.

"लावून दाखवू?" जहीरने विचारलं. त्याला तसंच उठून जाववेना.

"लावा."

त्याने वायरी जोडल्या, कॅसेट सुरू केली. खोलीभर तो कर्कश किरकिराट पसरला आणि टीव्हीवर रंगीत पट्टे धावू लागले. वासंती हालचाल न करता बसून राहिली. लहानपणी बसायची तशीच. कुणी जोरात चाललं तरी टेप बिघडते, अशी दोघांची खात्री होती. निरू आईला स्वयंपाकघरातून बाहेरसुद्धा येऊ द्यायचा नाही.

पट्टे थांबले. पडदा कोरा झाला. कोपऱ्यात टेप वाचता न आल्याचा संदेश आला.

"पहिल्यापासून लावावं लागेल," जहीर ओशाळून म्हणाला.

"लागायचंच."

दुसऱ्या खेपेला बुरूज आला. उंच, काळा, आणि पायथ्याशी नखाएवढा पांढरा माणूस. त्याला वर न्यायचं, एवढाच खेळ. सरकत्या पायऱ्या, मध्येच तुटणारी फळी, आणि एक केसभर चुकलं की माणूस खाली. तीन वेळा पडला की पुन्हा तळापासून. अधेमधे थांबायची सोय नाही, कुणाला दया नाही.

वासंती पहिल्याच पायरीवरून पडली. मग पुन्हा. मग फळीवरून. जहीर म्हणाला, "लई त्रासदायक आहे हो. दुकानात मी पण करून बघितलं, दुसऱ्या मजल्याच्या वर काही जाता आलं नाही." ती पडत होती आणि तळापासून सुरू करत होती. कुकरमधला भात निवत होता. खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवून कुणाला तरी बोलावत होतं.

हळूहळू बोटांना आठवायला लागलं. फळी तुटायच्या आधी उडी घ्यायची नाही, ती तुटू लागली की घ्यायची. तिसऱ्या मजल्यावर पायरी दिसते त्याच्या जरा अलीकडे असते. कुणी शिकवलं नव्हतं. एका मे महिन्यात सकाळ-दुपार पडून पडून कळलं होतं. माणूस तिसरा मजला पार करून वरच्या कठड्यावर चढला आणि उभा राहिला.

"वा, ताई!" जहीर पुढे सरकला. "हे मी पहिल्यांदाच बघतोय. आता?"

वासंतीने बटणांवरचे हात काढले होते.

"आता काय करायचं?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"मी इथपर्यंतच खेळायचे. हे खालचे मजले निरूला कधी जमले नाहीत, वैतागून कॅसेट फेकायचा. आणि चौथा मला कधी जमला नाही. तो त्याचा. मी माणूस इथे आणून द्यायचे आणि पुढे तो खेळायचा."

बोलताबोलता तिने कम्प्युटर मांडीवरून उचलला आणि शेजारी, सोफ्याच्या रिकाम्या भागावर ठेवला. वायर ताणली गेली, ती तिने सैल केली. जहीरने त्या बटणांकडे पाहिलं. हात मात्र लावला नाही.

टीव्हीवर पांढरा माणूस कठड्यावर उभा होता. बुरुजाच्या टोकावरून काहीतरी गोल सुटलं आणि पायरी पायरी करत खाली येऊ लागलं.

"ताई," जहीर हळूच म्हणाला, "दगड येतोय."

"येऊ दे," वासंती म्हणाली.