सीटचं घर

इंजिनचं हेड बाकावर उलटं ठेवून सूर्यभानने व्हॉल्व्ह काढला आणि तो ज्या कडीवर टेकतो त्या सीटवर नुसतं बोट ठेवलं. सीट फिरली. नखाने उचकली तशी ती लोखंडी कडी त्याच्या तळहातात आली.

"ही अशी हातानं निघती व्हय?" सत्यशीलाने विचारलं.

"नाय निघायला पाहिजे. ही सुटली की इंजिन बंद."

पडेगावच्या रस्त्यावर लग्नाचं एक लॉन आहे. तिथला गवत कापायचा छोटा, जुना ट्रॅक्टर सत्यशीला सहा वर्षं चालवत होती. पंधरा दिवसांपूर्वी तो चालता चालता बंद पडला. सूर्यभानचा धाकटा भाऊ रामेश्वर बघायला गेला. त्याने इंजिनवर हात ठेवला आणि कामावरच्या सगळ्यांसमोर म्हणाला, "तेल न बघता तापवलंय. बाईमाणसाच्या हाती मशीन दिलं की असंच व्हतं." मॅनेजरने त्याच दिवशी तिला ट्रॅक्टरवरून उतरवलं आणि पंगतीच्या भांड्यांवर बसवलं. आज ट्रॅक्टर सूर्यभानच्या दुरुस्तीच्या दुकानात आला, तशी सत्यशीलाही खाडा करून मागोमाग आली. माझ्या डोळ्यांदेखत खोला, एवढंच म्हणाली.

सूर्यभानने हेड उजेडात धरलं. सीट जिथं घट्ट बसते त्या घराभोवती ठोक्यांच्या खुणा होत्या. सीट ढिली झाली म्हणून कुणीतरी भोवतीचं ॲल्युमिनियम ठोकायच्या पंचाने ठेचून तिच्या अंगावर लोटलं होतं. तळाशी चिकटवायच्या मसाल्याचा जळून काळा झालेला थर. प्रत्येक खूण अर्धी, चंद्रकोरीसारखी. टोकाचा टवका उडालेला तसा पंच या दुकानात एकच होता.

"ताई, आधी कधी खोललं व्हतं हे?"

"मागच्या उन्हाळ्यात. इथंच. तुम्ही तवा पाचोडला गेलते."

रामेश्वर लेथवर होता. त्याने ऐकलं, पण मान वर केली नाही. सूर्यभानने जाऊन लेथ बंद केला.

"हे तू केलंस?"

"दादा, दुसऱ्या दिवशी लग्न व्हतं तिथं. घाई लई..."

"केलंस का, एवढंच इचारतोय."

"व्हय."

"आन् त्या दिवशी लॉनवर बघायला गेलास, तवा तुला ठावं व्हतं काय झालं असंल ते."

रामेश्वरने फडक्याला हात पुसले. "वाटलं व्हतं," तो म्हणाला.

सत्यशीला स्टुलावरून उठली. "सिलिंडर दावा मला."

सूर्यभानने आत बॅटरीचा उजेड पाडला. आतली भिंत लख्ख होती. "तेलाबिगर चालवलं असतं तर इथं ओरखडे पडले असते. एक बी नाय."

"रोज सकाळी तेलाची काडी बघत व्हते मी," ती रामेश्वरला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "इंजिनच्या पात्यांत अडकलेलं गवत दर सोमवारी ब्रशनं काढत व्हते. तू आलास तवा हेच सांगत व्हते. तू माझ्याकडं बघितलं बी नाय."

सूर्यभानने भिंतीवरचा पंच काढला आणि भंगाराच्या पिंपात भिरकावला. पिंप घणघणलं. रामेश्वर हेड उचलायला पुढे झाला.

"हात लावू नको," सूर्यभान म्हणाला.

मग त्याने एकट्यानेच काम केलं. ठेचलेलं घर लेथवर केसभर मोठं करून गोल केलं. त्या मापापेक्षा किंचित मोठी अशी नवी सीट घडवली. शेजारच्या रसवंतीतून बर्फ आणून सीट त्यात पुरली आणि हेड शेगडीवर ठेवलं. गरम हेड पसरतं, गार कडी आकसते. दोघांची गाठ पडायला दोन-तीन सेकंद मिळतात. त्याने चिमट्याने कडी उचलली आणि सोडली. ती टक् करून तळाशी बसली. हेड निवल्यावर त्याने स्क्रू-ड्रायव्हरने रेटून पाहिलं. हलली नाही.

"इंजिन मोडंल, पण ही निघायची नाय," तो म्हणाला. "जोडणी उद्या करतो. तुमच्या मॅनेजरला आत्ताच फोन लावतो, ताई."

"फोन नगं. माझ्यावर आळ काय फोनवर घेतला नव्हता."

सूर्यभानने जुनी कडी खिशात टाकली, भर दुपारी शटर ओढलं आणि भावाला म्हणाला, "चल."

लॉनच्या मागच्या शेडमध्ये दहा-बारा बायका संध्याकाळच्या जेवणासाठी वांगी चिरत होत्या. मॅनेजर आदिनाथ तिथंच उभा होता. सूर्यभानने त्याच्या हातात कडी ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. काम माझ्या दुकानात झालं, वाईट झालं, ह्या बाईची काही चूक नव्हती.

आदिनाथने कडी उलटसुलट करून पाहिली. "बरं बरं. सत्यशीला, परवापासून बस ट्रॅक्टरवर. मिटलं."

"मिटलं नाय," ती म्हणाली आणि सूर्यभानकडे वळली. "भाऊ, तुमचं ऐकलं. आता ह्याचं ऐकायचंय."

विळ्यांचा आवाज थांबला. रामेश्वर शेडच्या खांबाशी उभा होता. त्याने भावाकडे पाहिलं. भाऊ दुसरीकडे बघत होता. रामेश्वर खाली मान घालून काहीतरी पुटपुटला.

शेवटच्या ओळीत बसलेल्या आशाबाईने हातातलं वांगं पाण्यात टाकलं.

"ऐकू नाय आलं," ती म्हणाली. "त्या दिवशी आलं व्हतं."