एकाच घरात

कौटुंबिक न्यायालयाचा जिना बाबा एकाआड एक पायरी गाळत धावतच चढला. ड्रायव्हरचा गणवेश बदलायलाही थांबला नव्हता. सकाळची बस डेपोत लावली आणि तसाच सुटला. वाटेत भेटेल त्याला सांगत आला होता. कंडक्टरला, वॉचमनला, जिन्याशी दम खात उभ्या असलेल्या एका अनोळखी आजोबांनासुद्धा. "पोरीनं स्वतः सांगितलंय हो, मला एकाच घरात राहायचंय म्हणून!" आजोबांना ओ की ठो कळलं नाही. तरी ते म्हणाले, "वा, वा, छान."

पोरीचं लाडाचं नाव भिंगरी. घटस्फोट झाल्यापासून ती एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबाकडे अशी राहायची. रविवार आला की पाठीवर दप्तर, हातात बॅग आणि चालली. मागच्या भेटीत तिने समुपदेशक बाईंना सांगून टाकलं होतं, की हे आता पुरे, मला एकाच घरात राहायचंय. कोणाच्या, ते बाईंनी फोनवर सांगितलं नाही. समोर बसूनच बोलू म्हणाल्या. पण बाबाला सांगायची गरजच काय? पोरगी बापाची लाडकी, हे डेपोतल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं! त्याने घाईघाईने तिच्या खोलीला पिवळाधमक रंग दिला. पलंग खिडकीशी सरकवला. डेपोतल्या चौघांना कामाला लावून अभ्यासाचं भलंमोठं टेबल वर चढवलं. आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता.

समुपदेशक बाईंच्या खोलीचं दार ढकललं, तर भिंगरीची आई आधीच येऊन बसलेली. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची. आज तिचेच डोळे लकाकत होते.

"तू एवढी कशाला खूश?" त्याने विचारलं.

"तिच्यासाठी कपाट घेतलंय. आरशाचं. आणि तू का हसतोयस?"

"मी खोली रंगवलीय. पिवळीधमक."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांचीही हवा गेली.

भिंगरी मधल्या खुर्चीवर बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते, ते ती सारखे हलवत होती. "घाबरू नकोस," समुपदेशक बाई म्हणाल्या. "मला सांगितलंस तसंच सांग. कुठल्या घरात राहायचंय तुला?" बाबाने ब्रेक दाबावा तसा उजवा पाय फरशीवर दाबून धरला.

"शाळेजवळच्या," भिंगरी म्हणाली. "आईच्या."

बाबाला पुढचं काही ऐकूच येईना. पिवळ्या भिंती त्याच्या डोळ्यांपुढून जाईनात. आईने पटकन पोरीचा हात हातात घेतला.

"पण आई, तू तिथे एकच आठवडा राहायचं," भिंगरी म्हणाली. "पुढच्या आठवड्यात बाबा येणार. तेव्हा तू बाबाच्या घरी जायचं."

एकदम भडका उडाला.

"मी? ह्याच्या घरी?"

"आणि मी हिच्या?"

"हा ओला टॉवेल पलंगावर टाकतो!"

"हिच्या घरात चमचा इकडचा तिकडे झाला तरी पंचनामा होतो!"

कितीतरी दिवसांनी दोघं असे मोकळेपणी भांडत होते. बाईंनी शांतपणे पाण्याचे ग्लास त्यांच्या हातापासून दूर सरकवले.

"बाबा," भिंगरीने मधेच आवाज चढवला. "अर्ध्या रस्त्यात तुझी ड्यूटी संपली तर काय करतोस?"

"काय करणार? मी उतरतो, दुसरा ड्रायव्हर चढतो."

"आणि पॅसेंजर?"

"ते कशाला उतरतील? त्यांचा काय संबंध? ते आपले बसलेलेच अस..."

भिंगरी त्याच्याकडे टक लावून बघत होती. आई खाली मान घालून बसली होती. मग बाबाने टेबलावर अशी थाप मारली की बाईंचा पेन उडून खाली पडला. "अरे, हे तर सोपं आहे!" तो ओरडला. "हे आम्हाला कसं सुचलं नाही?"

आईने डोळे पुसले आणि तिलाही हसू फुटलं. "पिवळा रंग ना? चालेल मला," ती म्हणाली. "पण टॉवेल दोरीवर वाळत घालायचा, आधीच सांगते."

बाई म्हणाल्या, अडचणी येतील, कुरबुरी होतील. पण दोघांची संमती असेल तर न्यायाधीशांपुढे ठेवते. दोघंही एका सुरात हो म्हणाले. लग्न मोडल्यापासून हे पहिल्यांदाच घडत होतं.

जिना उतरताना तिघंही एकदम बोलत होते, कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं. पहिला आठवडा माझा, असं बाबाने जाहीर करून टाकलं. रविवारी तो बॅग घेऊन येणार, आई बॅग घेऊन निघणार. भिंगरी मोकळे हात हलवत त्यांच्या पुढे पायऱ्यांवरून उड्या मारत चालली होती.

"ए भिंगरे," बाबा हसत म्हणाला, "बॅग भरण्यात तू उस्ताद. सांग की आम्हाला, काय काय घ्यायचं?"

"काही विसरलात तरी चालतं रे," ती मागे न बघताच म्हणाली. "फक्त उशी आपली न्यायची. पहिल्या रात्री रडू येतं ना, तेव्हा आपलीच लागते."